हलव्याआधी ऊद

"बसा ना, उम्म हिलाल," शमसा म्हणाली, आणि पाठच्या सख्ख्या बहिणीला आपण 'हिलालची आई' म्हणून अहो-जाहो करतोय, हे तिचं तिलाच टोचलं.

"बसते की. बसायलाच आलेय," रय्या म्हणाली. पण बसली ती दाराजवळच्या गादीवर, डोक्यावरची चादर न सोडता. गाडी चुकेल या धास्तीने स्टँडवर बसतात ना, तशी.

निझवा ते बहला मोटारीने पाऊण तास. तेवढं अंतर कापायला या दोघींना दहा-अकरा वर्षं लागली होती. आणि रय्या आज आली तीही जाता जाता. उद्या तिचा मुलगा हिलाल तिला सलालाला नेणार होता, कायमची. सलाला म्हणजे देशाचं पार दुसरं टोक. त्याला तिथे बंदरात नोकरी होती, आईला एकटं ठेवायचं नव्हतं. त्याचंही बरोबरच होतं म्हणा. पण गुडघे धरलेल्या दोन म्हाताऱ्या पुन्हा कधी भेटणार होत्या?

म्हणून शमसाचं एकच मागणं होतं. रय्याने आजची रात्र इथे राहावं. आईच्या वेळेसारखं एका चटईवर पडावं, आणि काळोखात, तोंड दिसत नसताना, "रय्ये, माझं चुकलं गं" एवढं म्हणून टाकावं. सकाळी शेळीला चारा घालताना तिने ते वाक्य दोनदा मोठ्याने म्हणूनही पाहिलं होतं. शेळीने मान वर केली नाही.

तयारी सगळी झाली होती. जुन्या बाजारातल्या हलवायाशी भांडून आणलेला केशराचा हलवा वाडग्यात झाकून ठेवला होता, रय्याला आवडतो तसा, तुपाने निथळणारा. खजूर होता. वेलदोडा घातलेली कॉफी किटलीत गरम होती.

"गुडघे काय म्हणतात?" शमसाने विचारलं.

"आहेत जागेवर."

"सलालाला दमट असतं म्हणे."

"असेल. गेल्यावर कळेल."

"हिलाल आत नाही आला?"

"टायरमध्ये हवा भरायला गेलाय. येईल."

झालं. बोलणं संपलं.

आता शमसाचं असं होतं, की हात रिकामे ठेवून बसणं तिला जन्मात जमलं नव्हतं. गावात लग्न कुणाचंही असो, नवरीच्या पेटीतले कपडे आधी शमसाकडे यायचे. धूप द्यायला, अत्तर लावायला. 'शमसाच्या हातचा वास तीन धुण्यांत जात नाही' असं बायका म्हणायच्या, आणि ते ऐकून ती आपली फुगायची. तिच्याकडे बाई यायची ती वासासाठीच यायची. नुसती बसायला म्हणून कुणी येऊन किती दिवस झाले होते कोण जाणे. त्यामुळे बोलायला सुचेना तसे तिचे हात आपले आपण उठले. कोपऱ्यातल्या शेगडीतला निखारा त्यांनी धूपदाणीत घातला, त्यावर उदाची चांगली जाड कपची ठेवली, धूर वळायला लागेस्तोवर फुंकलं, आणि धूपदाणी नेऊन ठेवली रय्याच्या पुढ्यात.

रय्याने धुराकडे पाहिलं. मग झाकलेल्या हलव्याकडे. मग पालथ्या पेल्यांकडे.

"बरं," ती म्हणाली. "कळलं."

तेव्हा कुठे शमसाच्या लक्षात आलं, आपण काय करून बसलो ते!

ऊद फिरला की बैठक उठली, हे त्या मुलखात शेंबड्या पोरालाही ठाऊक. आधी हलवा, मग कॉफी, मग गप्पा, पुन्हा कॉफी, आणि सगळं झाल्यावर शेवटी ऊद. पाहुण्याला 'आता निघा' असं तोंडाने म्हणायची पाळी येऊ नये, म्हणून ती रीत. आणि इथे हलव्याचं झाकणही उघडलं नव्हतं.

"अगं, चुकून" एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण पुढ्यात ठेवलेली धूपदाणी मागे ओढायची म्हणजे वाढलेलं ताट काढून घेण्यासारखं. शिवाय शमसाची जीभ. दुसऱ्यांच्या पोरींना तासतास उपदेश करणारी ती जीभ नेमकी आज टाळ्याला चिकटली. रय्या गादीवर हात टेकून उठायला लागली.

"थांब," शमसा म्हणाली. "असं नाही जायचं. ऊद ठेवलाय तर नीट लावून जा. माझ्या दारातून अर्धवट वास घेऊन आजवर कोणी गेलेलं नाही."

हे मात्र तिला बरोबर सुचलं. वास लावून होईस्तोवर पाहुण्याला उठता येत नाही. आणि वास लावायला किती वेळ घ्यायचा, हे शमसाच्या हातात होतं.

"चादर काढ. गळ्याचं बटण सोड," ती म्हणाली. "कोरडी कातडी अत्तर पिऊन टाकते, ठेवत नाही. आधी तेल."

"नवरी आहे का मी?"

"बस गप."

रय्याने बटण सोडलं. तेलाचा हात घेऊन शमसा वाकली, आणि तिच्या नाकाला एकदम ते कळलं. लिंबाच्या पानांसारखं, थोडं ताकासारखं आंबूस. लहानपणी एका पांघरुणात झोपताना रय्याच्या मानेला यायचा तो वास. इतक्या वर्षांत ती तो साफ विसरली होती. क्षणभर ती तशीच वाकून राहिली, अन् सवयीचा हात पुढे गेला आणि त्याच्यावर चंदनाचं तेल फिरलं.

तेल मुरू दिलं. मग कानामागे, कोपराच्या खळीत, मनगटांवर अत्तर. रय्याने मनगटावर मनगट घासलं.

"चोळू नकोस! नुसतं टेकव. चोळलं की वास मरतो, कितीदा सांगितलंय."

"आली का पुन्हा हुकूम सोडायला!"

"तू ऐकशील तर ना."

मग शमसाने रय्याच्या चादरीवर गुलाबपाणी शिंपडलं, कारण ओलसर कापडच धूर धरून ठेवतं. चादर लाकडी चौकटीवर पसरली, खाली धूपदाणी सरकवली. एक कपची जळून गेली तशी दुसरी ठेवली. खरं तर एक पुरे होती.

दोघी चादरीच्या दोन कडा धरून बसल्या.

"त्या दिवशी मी हात धुऊन यायला हवं होतं," शमसा चादरीकडे बघत म्हणाली.

कुठला दिवस, हे रय्याने विचारलं नाही. तिचा नवरा गेला तो दिवस. शमसा तेव्हा एका नवरीच्या घरी होती, कोपरापर्यंत अत्तरात. बातमी कळली तशी ती उठून पळत सुटली, आणि बहिणीला पोटाशी धरून ऊर फुटेस्तोवर रडली. नवऱ्यामागे चार महिने दहा दिवस इद्दतीत बसलेल्या विधवेला साधा वासाचा साबणही चालत नाही. शमसा परत गेली, पण तिच्या हातचा वास रय्याच्या काळ्या कपड्यांत राहिला. सासूने तो हुंगला. "माझा लेक मातीत जाऊन दोन दिवस नाहीत, आणि हिला नटायला सुचतंय!" भिंतीपलीकडच्यांनाही ऐकू गेलं.

"धुऊन गेला असता का तो?" रय्या म्हणाली. "बोरीच्या पाल्याने धुतले, राखेने धुतले. तीन दिवस उन्हात टाकले. शेवटी सासूने जाळले ते कपडे, ठाऊक आहे?"

"जाळले?"

"अंगणात. आणि जळले तसा काय तो घमघमाट! अख्ख्या गल्लीत लग्नघर झालं. बायका दारात येऊन विचारायला लागल्या, कुणाचा निकाह आहे म्हणून."

शमसाने तोंडावर ओढणीचं टोक दाबलं, पण हसू फुटलंच. रय्याही हसली. दोघी धुरात ठसकेपर्यंत हसल्या, डोळ्यांत पाणी येईतो.

"मी निरोप पाठवला होता," रय्या डोळे पुसत म्हणाली, "इद्दत होईस्तोवर येऊ नकोस म्हणून."

"मला मिळाला. 'येऊ नकोस' म्हणून."

"होईस्तोवर म्हटलं होतं मी."

"होईस्तोवरच सांगितलं निरोप आणणाऱ्या बाईने," शमसा हळूच म्हणाली. "ऐकलं होतं मी. पण मला राग आला. रडायला गेले तर म्हणे वास येतो! म्हटलं, आता नाहीच जायचं. मग इद्दत संपली. मग वाटलं, तू बोलावशील."

"आणि मला वाटलं, तू येशील," रय्या म्हणाली. "इद्दत सुटली त्या दिवशी मी न्हाऊन बसले होते. पहिलं अत्तर तुझ्या हातचं लावायचं म्हणून. सासू म्हणाली, लाव आता, मोकळी झालीस. मी संध्याकाळपर्यंत तशीच बसून राहिले."

चूक एका दिवसाची होती, आणि आयुष्यातली एवढी वर्षं त्यात गेली, फुकट. आताच म्हणायला हवं होतं. रहा गं. आजची रात्र रहा.

"हलवा..." ती म्हणाली.

बाहेर हिलालने हॉर्न वाजवला.

रय्याने उठून चादर अंगावर घेतली. धुराने ती जड झाली होती. उंबऱ्यात एक पाय चपलेत घालून ती थांबली, आणि वळून बहिणीकडे बघत राहिली. दुसरी चप्पल शेजारीच होती, पण घालेना. तिला काय ऐकायचंय, हे शमसाला स्वच्छ दिसत होतं.

"चादर इतक्यात धुऊ नकोस," शमसा म्हणाली. "टिकेल."

रय्याने दुसरा पाय चपलेत घातला.

"नाही धुणार, शम्से," ती म्हणाली.

गाडी वळून दिसेनाशी झाली तरी शमसा दारात उभीच होती. मग आत येऊन ती रय्या बसली होती त्या गादीशी वाकली, गुडघ्यांची पर्वा न करता, आणि तिने तोंड गादीत खुपसलं. ऊद आला. त्याखाली गुलाबपाणी, त्याखाली चंदन. लिंबाची पानं कुठेच नव्हती. तिने उशी उचलून हुंगली, चादरीची कड टेकली होती ती जागा हुंगली.

तिने निखाऱ्यावर पाणी ओतलं. घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघडल्या आणि मधोमध येऊन उभी राहिली. वारा आला, पडदे हलले, हलव्यावर झाकलेलं फडकं उडालं. वास मात्र तसूभर हलला नाही. शमसाच्या हातचा होता तो.