गोदामांच्या रस्त्याचं गणित

थोरलीने बापावर हात उचलला तो भर दुपारी, दहा माणसांदेखत. हात म्हणजे नुसता हात नव्हे, हातात लोखंडी स्टूल होतं.

थोरली विद्यापीठात हवेचं गणित करायची. शहराची हवा संगणकात उतरवायची. कुठल्या रस्त्याला किती गाड्या, कुठली चिमणी किती ओकते, वारा कुठून वाहतो, हे सगळं त्यात घालायचं आणि अमुक रस्ता बंद केला तर कुठला धूर किती घटेल, ते आधीच पाहायचं. निधी समितीकडे कित्येक खेटे घातल्यावर तिच्या या कामाला पैसे मंजूर झाले, तेव्हा अप्पा हसून म्हणाले होते, "हवेत मनोरे बांधायलाही सरकार पैसे देतं होय?" अप्पांचे स्वतःचे दोन ट्रक होते, त्यातला एक ते स्वतःच चालवत.

पहिलाच निष्कर्ष निघाला तो गोदामांच्या रस्त्याचा. तिथे दिवसा ट्रक बंद केले, तर आजूबाजूच्या शाळांमधली हवा निम्म्याने सुधारणार होती. बातमी फुटली. अप्पांचे दोन्ही ट्रक त्याच रस्त्यावर धावत.

"दुसरा रस्ता नाही सापडला?" अप्पांनी जेवताना विचारलं.

"मी शोधला नाही, अप्पा. गणितातून आला."

"आणि गणित कुणी मांडलं?"

अप्पांनी ताट भिंतीवर भिरकावलं. आईने भिंत पुसली.

दुसऱ्या दिवशी ट्रकवाले विद्यापीठात शिरले. संघटनेच्या अध्यक्षाने अप्पांना पुढे घातलं होतं. म्हणे, मुलगी तुमची, तुम्हीच समजवा. पण समजवायला आलेल्यांच्या हातांत चाकं खोलायचे पाने होते. थोरलीचा सहकारी दारात आडवा झाला, तर गर्दीतल्या कुणाचा तरी पहिलाच फटका त्याच्या जबड्यावर बसला. तो तोंड धरून खाली बसला, बोटांमधून रक्त आणि दाताचा तुकडा सांडला. मग संगणकांचे पडदे फुटले, कपाटं आडवी झाली, काचांचा सडा पडला. खरं गणित पलीकडच्या इमारतीतल्या मोठ्या यंत्रावर चालू होतं. इथे होते ते नुसते पडदे आणि डबे. पण ते ऐकायला शुद्धीवर कोण होतं?

शेवटचा संगणक तेवढा राहिला. सहकारी सरपटत गेला आणि त्याला मिठी मारून बसला. अप्पांनी पाना डोक्यावर उचलला. नेम संगणकावर होता की माणसावर, हे पाहायला थोरली थांबली नाही. तिने स्टूल उचललं आणि अप्पांच्या खांद्यावर घातलं. वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. पाना खणकन पडला, अप्पा मटकन बसले.

थोरलीने स्टूल पुन्हा वर उचललं.

"अगं, बाप आहे तो," म्हणत अध्यक्षानेच तिचा हात धरला.

दवाखान्यात पोलीस अधिकारी आला. अप्पा म्हणाले, "ट्रकवरून पडलो."

"मी मारलं," थोरली म्हणाली.

"आधी दोघं मिळून एक काय ते ठरवा," अधिकारी वैतागला आणि चहाला निघून गेला.

सहकाऱ्याचा जबडा तारेने बांधावा लागला. त्याने अप्पांविरुद्ध जबाब दिला आणि थोरलीने त्याला अडवलं नाही. निधी समितीने पैसे थांबवले नाहीत, पण मारामारी करणाऱ्या बाईच्या हाती प्रकल्प नको म्हणून तो विभागप्रमुखाच्या नावावर केला. आपणच उभं केलेलं काम थोरली आता त्याच्या हाताखाली करते. रस्ता दिवसा बंद झाला. अप्पांचा खांदा वेडावाकडा जुळला, त्यामुळे स्टिअरिंग कायमचं सुटलं. त्यांच्यावरचा खटला अजून रेंगाळतोय.

सकाळी आई कामात असली की अप्पांच्या सदऱ्याची बटणं थोरली लावते. एकदा अप्पाच म्हणाले, "त्या पोराला मी मारणार नव्हतो."

थोरलीने एक बटण लावलं. "मला तसं दिसलं नाही, अप्पा."

"आणि तू दुसऱ्यांदा स्टूल उचललंस ते?"

तिची बोटं वरच्या बटणाकडे गेली.

"वरचं राहू दे," अप्पा म्हणाले, "गळ्याला काचतं."