फोटो कुणी काढला?

माझा स्वभाव संशयी आहे असं सासूबाई सगळ्यांना सांगतात. सांगू देत. दुधात किती पाणी आहे ते मी लांबून पातेल्याकडे बघून सांगते, आणि आजवर फारशी चुकलेली नाही. नवऱ्याच्या बाबतीत मात्र तीन वर्षं डोळ्यांवर पट्टी बांधून बसले होते. ती पट्टी कवितेची होती.

लग्न ठरलं तेव्हा तो बरीच वर्षं परदेशातच होता, लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर. सुट्टी काढून आला, बोहल्यावर चढला आणि महिन्याभरात परत गेला. माझी कागदपत्रं अडकली ती अडकलीच. मी बाबांच्या फोटो स्टुडिओत पुन्हा पहिल्यासारखी बसायला लागले. लोकांना मान सरळ करा म्हणायचं, पासपोर्टचे फोटो काढायचे आणि रविवारची वाट बघायची. रविवारी त्याचा फोटो यायचा. कधी एखाद्या पुलावर, कधी ओसाड स्टेशनात, कधी समुद्रावर, आणि खाली चार ओळींची कविता.

सुरुवातीला तो हात लांब करून स्वतःच फोटो काढायचा. मी स्टुडिओवाल्याची मुलगी, मला ते कसं चालणार? नाक भोपळ्याएवढं येतंय, असले फोटो पाठवू नकोस, कुणाला तरी काढायला सांग, असं मीच त्याला झापलं. त्यानंतर फोटो सुधारले. आता माझ्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला म्हणा.

कविता सगळ्या 'तू'ला लिहिलेल्या असायच्या. एक मला पाठ आहे:

पूल संपत नाही म्हणून तू रुसलीस,
तुझ्या इवल्या पावलांना मी काय सांगू,
पलीकडे काही नाहीच गं,
मला फक्त तुझ्याबरोबर चालायचं होतं.

इवली पावलं! चपलांच्या दुकानात मला पुरुषांच्या कप्प्याकडे पाठवतात. पण कवीला कोण विचारतं? मी आपली फोन उराशी धरून झोपायची. आईला वाचून दाखवली तेव्हा तिने डोळे पुसले आणि नशीब काढलंस म्हणाली.

शेवटी माझे कागद झाले आणि मी इथे आले. दोन खोल्या, तिसरा मजला, खिडकीखाली गरम पाण्याचा पाइप, त्यावर वाळत घातलेले त्याचे मोजे. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, मला तो पूल बघायचाय. तिथे काम चालू आहे म्हणाला. समुद्र? या दिवसांत वारा फार. स्टेशन? तिथे काय बघायचंय! ज्याने तीन वर्षं मला अख्खा देश दाखवला, तो आता मला कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे नेईना. आणि रविवारी त्याला हमखास ड्यूटी लागायची. लिफ्ट काय रविवारीच बिघडतात? शिवाय ड्यूटीला जाताना कुणी कॅमेरा नेतं का? मनात पाल चुकचुकली.

सकाळी मी भाषेच्या वर्गाला जायची. घर, पाणी, तिकीट, पाहुणी, बायको, असले शब्द बाई घोकून घ्यायच्या. दुपारी मात्र घर खायला उठायचं. एक दिवस ते सुधारलेले सगळे फोटो काढून तारखेप्रमाणे लावले आणि बायको म्हणून नाही, स्टुडिओवाली म्हणून बघायला बसले.

पहिला प्रश्न, हे फोटो काढले कुणी? मी कधीतरी विचारलं होतं, तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो म्हणाला होता. पण सगळे फोटो डावीकडे कलंडलेले, आणि सगळ्यांत त्याची पावलं कापलेली. देशभरातले वाटसरू एकाच बाजूला कलतात होय? हात एकाच माणसाचा होता. आणि फोटोतला तो ज्या तोंडाने हसत होता, तसं तो माझ्याकडे बघून लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा हसलेला नाही.

म्हणजे बाई. बुटकी बाई, कारण कॅमेरा खालून लावलेला होता, हनुवटीखालचा भाग दिसत होता. तिच्यासाठी शिव्या मी तयारसुद्धा केल्या. पण फोटो बघत पुढे गेले तशी थंड पडले. पहिल्या फोटोंत कॅमेरा त्याच्या पट्ट्यापाशी होता. वर्षभराने पोटापाशी. शेवटच्या फोटोंत छातीपर्यंत आला होता. बाई माणूस तीन वर्षांत वीतभर वाढत नाही.

समुद्रावरचा शेवटचा फोटो मोठा करून बघितला. फोटोच्या अगदी खालच्या कडेला वाळूत एक सावली होती, दोन वेण्यांची.

संध्याकाळी तो आला आणि मोरीत हाताचं ग्रीस धुवायला लागला. मी दारात उभी राहिले.

"किती वर्षांची आहे?"

कोण, असं त्याने विचारलं नाही. नळ बंद केला.

"अकरा."

मग सगळं बाहेर आलं. लग्नाआधी तो इथल्याच एका बाईबरोबर राहत होता. पुढे पटलं नाही, मुलगी आईकडे राहिली, रविवार तेवढा याच्या वाट्याला आला. सासूबाईंना सगळं ठाऊक होतं. मला त्या बाईचं काहीच वाटेना. माझा जीव भलतीकडेच अडकला होता.

"आणि कविता?"

"पोरीसाठी लिहायचो," तो म्हणाला. "पण तिला मराठी येत नाही. कुणीतरी वाचायला हवं होतं."

त्याने कानफटात मारली असती तर परवडलं असतं. रडायचं नाही असं ठरवूनही मी रडले. मग तोंड धुतलं आणि सांगितलं, या रविवारी मी येणार. लपवाछपवी पुरे. मी इथे राहायचं की बाबांच्या स्टुडिओत परत जायचं, ते तिथे ठरेल. तो बरं म्हणाला, पण फार हळू.

पुलावर कसलंही काम चालू नव्हतं. मुलगी आधीच येऊन थांबली होती. वेण्या, टोपी, डोळे थेट याचे. सवयीने तिने त्याच्या गळ्यातला कॅमेरा काढून घेतला आणि तो सवयीने कठड्याला टेकला. मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. तिने कॅमेरा डोळ्याला लावला, थांबली आणि त्याला काहीतरी विचारलं. ही कोण, एवढं मला कळलं. म्हणजे तिलाही त्याने सांगितलं नव्हतं.

त्याने पाण्याकडे बघत एका शब्दात उत्तर दिलं. तो शब्द वर्गातल्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात शिकवला होता. पाहुणी.

बाईंनी त्याच्या पुढे घोकून घेतलेला शब्दही मला येत होता, बायको. जीभ अडखळली, पण मी तो मोठ्याने म्हटला.

मुलीने कॅमेरा खाली केला. माझ्याकडे तिने बघितलंच नाही, बापाकडे बघत राहिली. ती नजर माझ्या चांगल्याच ओळखीची होती, दुधातलं पाणी ओळखणारी.