लेकीच्या घरची कॉफी

माझ्या नवऱ्याने बॅटरीवर फिरणारी एक छोटी रवी विकत आणली आणि माझी माझ्या आईशी होणारी भेट बंद करायचा घाट घातला. ऐकायला विनोद वाटतो. मला अजून हसू आलेलं नाही.

आमचा फ्लॅट बेसा भागात, आई कोराडीला, म्हणजे नागपूरची दोन टोकं. माहेरी जायचं तर अख्खा दिवस मोडतो, आणि दिवस मोडला की माझ्या सासूबाईंचं, कुसुमताईंचं, तोंड आठवडाभर सुटतं. आईने माझ्याकडे यावं तर ती पडली जुन्या वळणाची. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, हे आजीने पाळलं, आईही पाळते. माझ्या लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही. आई आली तरी घोटभर पाण्याशिवाय अर्धा तास बसते आणि चुळबुळत उठते. म्हणून दर गुरुवारी आम्ही धंतोलीतल्या एका कॅफेत भेटायचो. मी ऑफिसमधून, ती बसने. फेसाळ कोल्ड कॉफी घ्यायची आणि तासभर बोलायचं. आईसमोर बसून काही खायचं-प्यायचं, तर सबंध शहरात तेवढी एकच जागा उरली होती.

जितेंद्रला त्यात फक्त बिल दिसलं.

"दोनशे ऐंशी रुपयाचं दूध पिऊन राहिली तू," तो म्हणाला. "घराचा हप्ता चालू आहे, काही वाटते का?"

त्या हप्त्यात माझा अर्धा पगार जातो, पण ते असो. त्याने व्हिडिओ पाहून रवी आणली, चॉकलेटचं सिरप आणलं, ग्लासाच्या आतून त्याच्या रेघा ओढल्या, वर बोटभर फेस काढला. कॉफी चांगली झाली होती. त्याचाच मला जास्त राग आला.

"मी कॉफीसाठी जात नाही. आईला भेटायला जाते."

"मंग आईले इथंच बोलाव नं. तीस रुपयात दोघींचं होते."

सासूबाई शेंगा सोलत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "बोलाव नं वं. आपल्या घरी काय कमी आहे? पेतील त्या." आणि हसल्या. आई का पीत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते हसू मी या जन्मात विसरणार नाही.

फोन जितेंद्रनेच केला. जावयाचा शब्द आईला मोडवेना. ती गुरुवारी आली, सोफ्याच्या टोकाला बसली. जितेंद्रने ग्लास भरले, सासूबाईंनी ट्रे तिच्यासमोर धरला.

"घ्या विहीणबाई. का तुमचा मुहूर्त नाही आला अजून?"

आईने पदर सावरला.

"आमच्याकडून काही कमी नाही बाप्पा," सासूबाई पुढे म्हणाल्या. "काहून वेळ लागून राहिला, ते तुमच्या लेकीलेच विचारा."

मी उठले. आज जे बोलायचं ते बोलूनच टाकणार होते. आईने माझा हात ओढून मला खाली बसवलं, ग्लास उचलला आणि न थांबता सगळा प्यायली. मला तो तिच्या हातातून हिसकावून घ्यावासा वाटला. मग तिने पर्स उघडली आणि शंभराच्या तीन नोटा ट्रेमध्ये ठेवल्या.

"हे काय करून राहिल्या आई?" जितेंद्र म्हणाला. "दुकान आहे का हे?"

"कॅफेसारखीच आहे असं तुम्हीच फोनवर म्हणाले नं जावईबापू. मंग भावही तोच. लेकीच्या घरचं मी फुकट घेत नाही."

त्याचा चेहरा पडला. तो नोटा उचलून आईच्या पर्समध्ये कोंबायला निघाला, तर सासूबाईंनी त्याचा हात धरला. "राहू दे. दुधाचे भाव पाहिले का?" त्यांनी नोटांची घडी केली आणि कमरेला खोचली.

जितेंद्र आपल्या आईकडे पाहत राहिला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. त्याच्या आईबद्दल चार वर्षं मी घसा कोरडा करून जे सांगत होते, ते त्याला एका ग्लासात दिसलं.

"पुढच्या गुरुवारी मी धंतोलीला जाणार आहे," मी त्याला सांगितलं.

आईला सोडायला बसस्टॉपपर्यंत गेले. मी जिंकल्यासारखी बडबडत होते, सासूबाईंची नक्कल करून दाखवत होते. आई हसेल असं वाटलं. ती मध्येच थांबली.

"मयुरा, मी नियम मोडला वं. रागाच्या भरात मोडला. आता तुले काही होणार तर नाही नं?"

"काही होत नाही आई. असं काही नसतं."

तिने मान हलवली, पण तिला ते पटलेलं नव्हतं. बस येईपर्यंत ती माझ्या पोटाकडे पाहत देवाला काहीतरी पुटपुटत राहिली. यापुढे मला मूल झालं नाही, तर ती दोष स्वतःला देणार. पैसे वाचवायला निघालेल्या त्या दोघांनी माझ्या आईला हे देऊन पाठवलं, आणि त्यासाठी मी त्यांना कधीच माफ करणार नाही.