आरशासारखी प्रयोगशाळा

माझी थोरली बहीण ऑपरेशन थिएटरची मुख्य सिस्टर. हाताखालच्या नर्सा तिला माघारी ‘फिनाईल’ म्हणतात, तोंडावर काहीच म्हणत नाहीत. तेवढी कोणाची छाती नाही. एखादी जागा चांगली की वाईट, हे ती कपाटाच्या वरच्या कडेवर बोट फिरवून ठरवते. ती येणार म्हटलं की माझी बायको आधी शिडी काढते.

तिच्या मुलीला, शंकाबाईला, पुढे संशोधनात जायचं होतं. हे नाव मी ठेवलेलं. पोरगी पाणी उकळलं तरी कारण विचारायची. पदवीनंतर संशोधन संस्थेत शिरायचं तर स्वतःच्या हातानं केलेलं काम दाखवावं लागतं, आणि ते जवळून पाहिलेल्या प्राध्यापकाचं पत्र लागतं, हे तिनं आम्हाला पढवून ठेवलं होतं. मग आम्ही तिघं कॉलेजं बघायला निघालो.

पहिलं कॉलेज लहान. प्रयोगशाळेतल्या टेबलांवर जळके डाग, एक यंत्र पोट उघडून पडलेलं. एक मुलगी प्राध्यापकांना सांगत होती, “सर, चूक तुमच्या गणितात आहे, माझ्या मोजमापात नाही.” आणि सर डोकं खाजवत गणित तपासत होते. शंकाबाई तिथेच खिळली. बहिणीचं बोट तोवर काळं झालं होतं.

“अगं, हे कॉलेज आहे की गॅरेज? आणि ती कार्टी सरांना उलट बोलते!”

“आई, म्हणून तर मला इथे…”

“म्हणून तर नकोच.”

दुसरं कॉलेज मोठं, नावाजलेलं. प्रयोगशाळा आरशासारखी. प्रत्येक यंत्रावर बेतून शिवलेलं कव्हर.

“ही कव्हरं काढतात कधी?” शंकाबाईनं शिपायाला विचारलं.

“तपासणीला पाहुणे आले की.”

हे उत्तर बहिणीला फार आवडलं. “इथे माझी पोर ठेवायला हरकत नाही,” ती म्हणाली, जणू पेशंटच भरती करत होती.

शंकाबाई हट्टी खरी, पण वडिलांच्या मागे आईनं एकटीनं वाढवलेली. अशा पोरी आईशी भांडतात. जिंकत मात्र नाहीत.

त्या आरशासारख्या कॉलेजातल्या शेवटच्या वर्षी ती पत्र मागायला विभागप्रमुखांकडे गेली. त्यांनी प्रेमानं विचारलं, “बाळ, तू कुठल्या तुकडीत?” पत्र मिळालं. हजेरी नियमित, वर्तन उत्तम. असं पत्र एखाद्या खुर्चीलाही देता आलं असतं.

मग बहीण ड्यूटीच्या कपड्यांतच तिकडे धडकली.

“माझ्या पोरीची हुशारी मी सांगते, तुम्ही लिहून घ्या.”

“सिस्टर, तुम्ही सांगाल ते खरंच असणार. पण मी तिला काम करताना पाहिलेलं नाही.”

“का नाही पाहिलं?”

“आम्ही मुलांच्या हातात यंत्रं देत नाही. खराब होतात.”

बहिणीचं बोट सवयीनं त्यांच्या टेबलाच्या कडेवरून फिरलं, आणि अगदी स्वच्छ निघालं.

एकेक करत सगळ्या संस्थांचे नकार आले. शेवटचा आला त्या संध्याकाळी मी बहिणीच्या घरीच होतो. बहीण म्हणाली, “मला बोल. काय तोंडाला येईल ते बोल.”

“काय बोलू, आई? तू माझं चांगलंच बघत होतीस.”

बहिणीला शिव्या चालल्या असत्या. थिएटरात मोठमोठ्या सर्जनांचा आरडाओरडा तिनं पचवला आहे. हे मात्र तिच्या घशाखाली उतरेना. “अगं, निदान दार तरी आपट,” ती म्हणाली.

शंकाबाईनं दार हळूच लोटलं आणि सकाळच्या नोकरीच्या मुलाखतीसाठी कपाटातून कपडे काढायला घेतले.