गवताची राखण

माझे बाबा हट्टी आहेत, हे मी आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे त्यांच्याविषयी दुसऱ्या कोणी काही बोलायला नको. जन्मभर त्यांनी होडीतून माणसं खाडीच्या या काठावरून त्या काठावर नेली, आणि आई ओहोटीला गुडघाभर पाण्यात उभी राहून तळावरच्या गवतातले शिंपले वेचायची. ते गवत म्हणजे शेवाळ नव्हे. त्याला खरीखुरी मुळं असतात, ते तळाची वाळू धरून ठेवतं, मासळीची पिल्लं त्यात वाढतात. आई त्याला 'आपलं कुरण' म्हणायची, जणू तिच्या वडिलांनीच पेरलं होतं.

मग बंदर खोल करायला गाळ उपसणारी यंत्रं आली. उडालेला गाळ पानांवर बसला, ऊन पोचेना, आणि कुरणाला टक्कल पडत गेलं. उरलेल्याची वाट पर्यटकांच्या बोटींनी लावली. ओहोटीला त्यांचे पंखे तळ खरवडत जायचे. आईने ते सगळं पाहिलं आणि त्याच वर्षी ती गेली. बाबांना घर खायला उठलं. धड जेवायचे नाहीत, बोलायचे नाहीत, बंद रेडिओ मांडीवर घेऊन बसून राहायचे.

मी पाण्यात बुडी मारून जहाजांचे तळ घासते. एका संस्थेने गवताची रोपं लावायचं ठरवलं तेव्हा त्यांनी मला बोलावलं. आईच्याच जागेवर आम्ही मूठमूठ रोपं खिळ्यांनी तळाला टाचून बसवली. जाताना संस्थेच्या बाई म्हणाल्या, "मुळं धरेपर्यंत इथे कोणी उतरायचं नाही. पाय लागला तरी उपटून येईल."

"आणि बोटींना कोण सांगणार?" मी विचारलं.

"मी सांगतो," बाबा म्हणाले. आई गेल्यापासून ते पहिल्यांदाच आपणहून बोलले होते.

बाई आपल्या गावी परतल्या आणि बाबांनी रोपांच्या मधल्या मोकळ्या वाळूत नांगर टाकून होडी उभी केली. बोट दिसली की उठून टॉवेल हलवायचे. "काका, गवताला पाणी घालताय का?" असं म्हणून चालक हसायचे, पण लांबून जायचे. हळूहळू त्यांनाही सवय झाली. बाबांना भूक लागायला लागली. डबा पुरला नाही म्हणून एकदा माझ्यावर चक्क ओरडले, आणि मला इतका आनंद झाला की मी उलट बोलले नाही. हे माझ्या स्वभावात बसत नाही.

डोळ्यांत तेल घालून राखण चालली होती. नेहमीचा दोरसुद्धा त्यांनी काढून टाकला. "वाऱ्यात दोर तुटला तर नांगर रोपांवरून फरफटत जाईल," म्हणाले, आणि भंगारवाल्याकडून जाड लोखंडी साखळी आणून नांगराला लावली. नांगराला ओढ बसू नये म्हणून ती भरपूर लांब सोडली. त्यात कोणाला काही वावगं दिसलं नाही. पाणी गढूळ होतं, वरून तळ दिसत नव्हता.

हंगाम सरला, पाणी निवळलं आणि बाईंनी फोन करून मला खाली जाऊन बघायला सांगितलं. बाबा त्या दिवशी दाढी करून आले होते.

खाली गेले तेव्हा आधी वाटलं, जागा चुकली. तळ तव्यासारखा गोल आणि गुळगुळीत होता, आणि त्यावर साखळी पडली होती. वारा फिरला की होडी फिरते, भरती-ओहोटीला फिरते, आणि तिच्यामागे साखळी तळावर झाडू मारत फिरते. सगळा हंगाम ती फिरत होती. एकही रोप उरलं नव्हतं. गोलाच्या बाहेर उरलंसुरलं जुनं गवत तेवढं थोडं हलत होतं. कुंपणानेच शेत खाल्लं, असं ज्याला म्हणावंसं वाटेल त्याने ते माझ्यासमोर म्हणू नये. मी तिथेच, पाण्याखाली, रडले.

"केवढं झालं गं?" वर येताच बाबांनी विचारलं. मी काहीतरी चांगलं सांगायला तोंड उघडलं, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझा पाण्यात बघायचा चष्मा काढून घेतला. तो लावून त्यांनी होडीवरून वाकून पाण्यात डोकं घातलं. श्वास घ्यायला वर आले, परत पाहिलं.

"साखळी?" एवढंच विचारलं. मी मान हलवली.

तेवढ्यात एक बोट आली आणि सवयीने लांबून वळली. "काका, काय म्हणतंय गवत?" चालक ओरडला.

"मजेत आहे!" बाबांनी ओरडून सांगितलं. "तू असाच लांबून जा!"

बोट दिसेनाशी झाल्यावर त्यांनी चष्मा मला परत दिला.

"मी इथे आलोच नसतो तर?"

"बोटींनी खरवडलं असतं, बाबा. बाहेरचं आहे तेवढंही राहिलं नसतं."

"हो," ते म्हणाले. "पण मग निदान तुझ्या आईला सांगता आलं असतं, लोकांनी केलं म्हणून."