सोडियम कमी

"म्हणजे झडप बिघडलीय म्हणा की," मी डॉक्टरीणबाईंना म्हणालो. जन्मभर पाण्याचे पंप दुरुस्त केले, मला दुसरं काय सुचणार!

"झडप नाही आजोबा, दार," त्या म्हणाल्या. "मूत्रपिंडात, घामाच्या ग्रंथींत पेशींचं अस्तर असतं. त्यात सोडियम आत ओढून घेणारी बारीक दारं असतात. तुमच्या नातीची ती जन्मतःच उघडत नाहीत. मग अंगातलं मीठ लघवीतून, घामातून वाहून जातं. तुम्ही वरून भरत राहायचं. मिठाचं पाणी एकही वेळ चुकवायचं नाही."

खरंच, पोरीचा मुका घेतला की ओठ खारट व्हायचे.

आमच्या हिने मात्र मिठाशी उभा दावा मांडलेला. माझं ब्लडप्रेशर निघाल्यापासून दर तपासणीला डॉक्टर बजावणार, "सोडियम कमी!" आणि ही घरी येऊन भाजीतलं मीठ आणखी काढणार. मी तोंड वाकडं केलं की म्हणायची, "मला तुम्ही हवे आहात, चव गेली खड्ड्यात." कप्पाळ! निमूट गिळायचो.

तरी नातीला मिठाचं पाणी पाजायची ती. सून कामावर रुजू झाल्यावर दिवसभराचं सगळं हिच्यावरच आलं. बाळ तोंड वेंगाडायचं, हिचे डोळे भरायचे, पण पाजायची.

त्या दिवशी जुन्या गिऱ्हाइकाचा पंप बघून मी संध्याकाळी परतलो, तर पोरगी हिच्या मांडीवर मान टाकून पडलेली. हातपाय गार. तशीच उचलून इस्पितळात नेली. मुलगा-सून कामावरून परस्पर तिथे आले.

पोरीला आत घेतलं, त्या खोलीच्या दारापासून मला जरा लांब नेऊन ही माझी बाही ओढत पुटपुटली, "अहो, सकाळी इथूनच फोन आला होता. पोरीच्या रक्ताचा रिपोर्ट आलाय, सोडियम कमी, उद्या दाखवायला आणा, म्हणाले. म्हणून मी दिवसभर मिठाचं पाणी दिलंच नाही. बरोबर केलं ना हो?"

अगं बाई, कमी झालंय म्हणाले असतील, कमी कर नव्हे! ओठांवर आलेलं मी तसंच गिळलं.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांचा चेहरा बघूनच सून मटकन बाकावर बसली. आमची पोर गेली होती.

"मिठाचं पाणी बंद केलं होतं का कुणी?" त्यांनी हळूच विचारलं.

हिचा चेहरा पांढराफटक पडला. तिने तोंड उघडलं. पोर तर गेलीच, आता हिलाही घालवू?

"मी बंद करायला लावलं," मी म्हणालो. "ही नको नको म्हणत होती. मीच ऐकलं नाही."

"बाबा, तुम्ही?" मुलगा बघतच राहिला. "एवढं एकच सांगितलं होतं हो, बाबा! एवढं एकच!"

सून हिच्या कुशीत शिरून हंबरडा फोडत होती. "आई, मला एक फोन तरी करायचा होतात!" ही तिला थोपटत होती आणि तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघत होती. ओठ हलत होते. मी मानेनेच नको म्हटलं.

मुलगा त्या दोघींजवळ जाऊन बसला. बाकावर अजून एकाची जागा होती. मी उभाच राहिलो.