चुड्याखालचं मनगट

अंबडच्या दैवशालाचं वजन कमी करायचं ऑपरेशन विमा कंपनीने नामंजूर केलं. मनगटाच्या मापावरून तिचा हाडांचा सांगाडाच मोठा ठरला होता, म्हणजे वजन त्याला शोभणारंच. माप घेताना सासूने, केशरबाईने, हिरवा चुडा उतरवू दिला नव्हता. नवऱ्याच्या जिवाला धोका म्हणे. टेप बांगड्यांवरूनच फिरला होता.

फेरतपासणीला कंपनीच्या डॉक्टरांनी टेप काढला, तशी सासू पुन्हा आडवी आली.

"आत्याबाई, गुडघे माझे दुखून राह्यलेत, चुड्याचे न्हाई," म्हणत दैवशालाने एकेक बांगडी उतरवून सासूच्याच ओंजळीत ठेवली. टेप बारीक मनगटाला घट्ट बसला.

"सांगाडा लहान आहे. ऑपरेशन मंजूर," डॉक्टर म्हणाले.

दैवशाला मोकळ्या हातांनी, ताठ मानेने बाहेर आली. बाकावर तिचा नवरा भागवत धडधाकट बसून भजी खात होता.